अंगठ्याचा असहकार

गुडघेदुखीला आपल्या समाजात एक मान आहे. गुडघ्यावर हात टेकून उठणाऱ्या बाईला लग्नाच्या मांडवात कोणीतरी लगबगीने खुर्ची आणून देते, आणि कंबरदुखी तर पट्टा बांधून चारचौघांत मिरवताही येते. पायाचा अंगठा दुखतो असे मात्र सांगून पाहावे. समोरचा माणूस आधी आपल्या पायांकडे पाहतो, मग तोंडाकडे पाहतो, आणि "ठेच लागली का?" एवढे विचारून पावसापाण्याच्या गप्पांकडे वळतो. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, म्हणजे तो पावलाला जिथे जोडलेला असतो तिथे, वरच्या अंगाला एक टणक उंचवटा आला आणि टाच उचलून पुढचे पाऊल टाकताना नेमकी त्याच जागी कळ येऊ लागली, तेव्हापासून पावसापाण्याविषयीचे माझे ज्ञान बरेच वाढले आहे.

ज्या थोड्या मंडळींनी विषय बदलला नाही, त्यांनी एकमुखाने निदान केले : युरिक ॲसिड. अंगठा आणि युरिक ॲसिड यांची पत्रिका आपल्याकडे इतकी घट्ट जुळलेली आहे, की रक्त तपासण्यापूर्वीच माझ्या ताटातली तुरीची डाळ गेली, तिच्या मागोमाग पालक, टोमॅटो आणि मटकीची उसळही गेली, आणि घरातले सगळे आमटी भुरकत असताना मी दहीभात कालवत बसू लागले. युरिक ॲसिड साचून होणाऱ्या गाऊटचा, म्हणजे आयुर्वेदातल्या वातरक्ताचा, स्वभाव मुळात वेगळा असतो. तो बहुधा रात्रीतून येतो, सांधा लालबुंद होऊन तापतो, पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही, आणि आठवडा-दोन आठवड्यांत स्वारी परतही जाते. माझ्या अंगठ्याने असला तमाशा एकदाही केला नव्हता. तो अत्यंत शांतपणे, रोज थोडे थोडे काम कमी करीत चालला होता. रक्ताच्या दर डेसिलिटरमध्ये साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर युरिक ॲसिड गेले म्हणजे त्याचे स्फटिक बनू शकतात. माझा आकडा त्याच्या पुष्कळ खाली निघाला. वर डॉक्टरांनी असेही सांगितले, की खरोखरीचा गाऊट असता तरी डाळ आणि पालक यांच्यावर खापर फोडण्यात अर्थ नव्हता. त्यासाठी मांस, मासे आणि बिअर यांचा विचार करावा लागतो. आमच्या घरात बिअर कधी आलीच असेल तर ती मला न सांगता आली असावी.

अस्थिरोगतज्ज्ञांनी पायांवर भार देऊन, उभे करून एक्स-रे काढून घेतला आणि मग माझा अंगठा दोन बोटांत धरून वरच्या दिशेने वळवला. मी खुर्चीतून वर उठले. "दुखतंय का?" असे त्यांनी त्यानंतर विचारले. वैद्यकीय शिक्षणात प्रश्न आणि कृती यांचा हा क्रम बहुधा मुद्दाम शिकवला जात असावा.

या दुखण्याचा, म्हणजे 'हॅलक्स रिजिडस' अर्थात ताठर अंगठ्याचा, उलगडा मात्र त्यांनी छान केला. निरोगी माणसाचा अंगठा या सांध्यात साधारण ६५ ते ७५ अंश वर वळतो, आणि टाच उचलून शरीर पुढे ढकलायचे, तर प्रत्येक पावलाला तो असा वळावाच लागतो. सांध्याच्या खाली वाटाण्याएवढ्या दोन स्वतंत्र हाडांचीही सोय असते, हे ऐकून मला उगीचच श्रीमंत वाटले. पुढे कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेले गुळगुळीत अस्तर, झिजते, हाडांमधली फट कमी होते, आणि शरीर आपल्या परीने डागडुजी म्हणून सांध्याच्या वरच्या कडेला नवे हाड वाढवते. दाराच्या बिजागरीत खडा अडकावा तसे ते हाड अंगठ्याला अर्ध्या वाटेवर अडवते. जुनी दुखापत, पावलाची जन्मजात ठेवण, घराण्याचा वारसा, अशी याची कारणे असतात आणि पुष्कळदा एकही नेमके सापडत नाही. ब्रिटनमधल्या शल्यवैद्यांनी १८८७ मध्येच या ताठर अंगठ्याचे वर्णन करून ठेवले आहे. गंगा आणण्यासाठी भगीरथ वर्षभर पायाच्या अंगठ्याच्या टोकावर उभा राहिला असे सांगतात. त्याच्या तपश्चर्येविषयी मला पूर्वीही आदर होता, परंतु आता त्याच्या कूर्चेविषयी जो वाटतो तो निराळाच आहे.

आजाराच्या पायऱ्या शून्य ते चार असतात आणि मी दुसरीवर आहे. घरी आल्यावर ही बातमी कळताच योगवर्गातल्या मैत्रिणीने फर्मावले, "अगं, सांधा आखडलाय ना, मग वाकव की रोज!" सूर्यनमस्कारात एक पाय मागे नेऊन चवडा टेकवला, की अंगठा आपोआप वाकतो, हा तिचा मुद्दा होता. वाढलेल्या हाडावर हाड आपटेपर्यंत अंगठा ओढला तर दुखणे उलट वाढते, हा डॉक्टरांचा मुद्दा होता. त्यांचा उपाय ऐकून तर मीच क्षणभर गोंधळले. जो अंगठा वाकत नाही, त्याला वाकायला लावायचे नाही. त्याऐवजी चप्पल अशी घ्यायची, की जी स्वतःच वाकणार नाही. तळ कडक हवा आणि पुढून किंचित वर उचललेला हवा, म्हणजे पाऊल वाकण्याऐवजी पुढे कलंडते. शिवाय उंचवट्यावर दाब येऊ नये म्हणून पुढचा भाग रुंद आणि उंच हवा.

हे सगळे मनात घोकत आम्ही उभयता लक्ष्मी रस्त्यावर गेलो. "काकू, हा बघा," असे म्हणून दुकानातल्या मुलाने एक बूट हातात घेतला, त्याची टाच आणि टोक एकत्र आणून दाखवले, मग तो दोन्ही हातांनी पिळला आणि सोडून दिला. बूट लोण्यासारखा मऊ असल्याचे त्याने सांगितले. मी म्हटले, "यापेक्षा कडक दाखवा." त्याने दुसरा काढला, तो मी पिळून पाहिला आणि वाकला म्हणून परत केला. अशा रीतीने मी एकेक बूट वाकवून नापास करीत सुटले, तेव्हा शेजारी बसलेल्या एक बाई आपली खरेदी थांबवून माझ्याकडे पाहू लागल्या आणि यजमान दाराशी जाऊन रहदारी न्याहाळू लागले. शेवटी त्या मुलाने माळ्यावरून, कोणीच घेत नाही म्हणून ठेवून दिलेला एक जोड खाली आणला. दोघांनी जोर लावूनही तो वाकेना. मी इतकी खूश झाले, की घासाघीस करायचेही राहून गेले.

गोळ्यांनी दुखणे दबते, परंतु त्या पित्त, रक्तदाब आणि मूत्रपिंड यांच्याकडे पाहूनच घ्याव्या लागतात. सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन काही काळ उपयोगी पडते. त्यापुढे शस्त्रक्रिया आहेत : एकीत वाढलेले हाड तासून वाट मोकळी करतात, आणि फारच झिजलेल्या सांध्यासाठी दुसरीत दोन्ही हाडे पट्टी व स्क्रू लावून कायमची एकजीव करतात. सांधा संपला की दुखणेही संपते, असे तिचे सरळ तर्कशास्त्र आहे, आणि माणूस त्यानंतर चांगला चालतो, एवढेच की उंच टाचांचा नाद सोडावा लागतो. माझ्या आयुष्यात तो नाद कधी नव्हताच, तरीही सोडावा लागेल म्हटल्यावर जरा वाईट वाटले.

खरी अडचण यानंतर आली. डॉक्टरांनी बजावले होते, की घरातही अनवाणी चालायचे नाही, कारण फरशीवर अंगठ्याला कसलाच आधार नसतो. आता आमच्या घरात पादत्राणे दाराबाहेर राहतात, आणि देवघर आहे स्वयंपाकघरात. मी घरात वापरायला म्हणून कडक तळाच्या कोऱ्या चपला आणल्या, तेव्हा सासूबाईंनी दिवाणखान्यापर्यंत त्यांना परवानगी दिली, उंबरठ्याच्या आत मात्र, "चपला घालून ओट्याशी? आमच्या सात पिढ्यांत झालं नाही." दोन्ही आज्ञा शिरोधार्य होत्या आणि दोन्ही एकाच वेळी पाळण्याचा मार्गही एकच होता. मी स्वयंपाकघरात जाणे बंद केले.

तेव्हापासून ओट्याशी यजमान असतात. ते कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजतात, फोडणीपूर्वी खिडक्या उघडतात आणि मोहरीचा डबा कुठला हे मला दिवाणखान्यात येऊन विचारतात. गेल्या सोमवारी सासूबाईंनी आपल्या एकुलत्या एक मुलाला घामाघूम होऊन कणीक मळताना पाहिले आणि दुपारी माझ्याजवळ येऊन बसल्या. पुष्कळ विचारांती त्यांच्या असे लक्षात आले होते, की जी चप्पल कधी रस्त्यावर गेलीच नाही, तिला चप्पल म्हणताच येत नाही, तेव्हा ती आत घालायला शास्त्राची हरकत नसावी. मी त्यांना नम्रपणे सांगितले, की इतका मोठा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करणे बरे नाही, आणि त्यांनी मला दिवाळीनंतर बोलावले आहे.