पहिल्या लेव्हलला चोरपावलांचं साहस नको? या सल्ल्याला उत्तर

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ नव्याने चालवायला घेणाऱ्याला, म्हणजे नव्या डीएमला (डन्जन मास्टरला), एक सल्ला हमखास मिळतो. हल्ली तो पणजी-फोंड्याकडच्या आमच्या ग्रुपांतही फिरतोय. सल्ला असा: पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या, कॅरॅक्टरांना लपतछपत जायचं साहस देऊ नका. एकाचा रोल (टाकलेला फासा) फसला की सगळे पकडले जातात, पकडले गेले की मरतात, चोर सोडून बाकीचे नुसते बसून राहतात आणि पहारेकऱ्यांचा हिशेब ठेवता ठेवता डीएमचा जीव जातो. नवख्यांना आधी चार गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, मारू द्यावेत.

या सल्ल्यामुळे कितीतरी नवे डीएम आपली सर्वांत चांगली कल्पना बाजूला ठेवतात, म्हणून त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर देतोय.

पहिला मुद्दा, एकाचा रोल फसला की संपलं. इथे सरळ आकडेच मांडू. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात कॅरॅक्टरचा आकडा मिळवायचा, आणि बेरीज समोरच्याच्या आकड्याइतकी किंवा जास्त आली की जमलं. चोराला स्टेल्थवर, म्हणजे लपायच्या कौशल्यावर, +७ (डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई १६ आणि एक्स्पर्टीज म्हणजे खास प्रावीण्य धरून), विझर्डला (जादूगाराला) +२, लेदर आर्मर घातलेल्या क्लेरिकला (पुरोहिताला) +०. चेन मेलमधल्या (लोखंडी कड्यांच्या चिलखतातल्या) फायटरलाही +०, पण चिलखतामुळे डिसअ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोनदा फासा टाकून कमी आकडा धरायचा. समोर गॉब्लिन, पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता धरायची त्याची नजर) ९. चौघांची यशाची शक्यता अनुक्रमे ९५, ७०, ६० आणि ३६ टक्के. चौघांनाही जमलं तरच सुटका, असं धरलं तर सगळं मिळून जेमतेम १४ टक्के उरतात. सल्ला देणाऱ्यांचा अनुभव या १४ टक्क्यांतून आलेला असतो आणि त्या पद्धतीने खेळलं तर त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण २०१४ च्या नियमपुस्तकात नेमका अशा वेळेसाठी ग्रुप चेक दिलाय: निम्म्या लोकांना जमलं की अख्खी टोळी पार. त्याच चौघांची शक्यता मग ९१ टक्क्यांच्या आसपास जाते.

खरं नुकसान दुसऱ्याच सवयीने होतं. दर दारापाशी, दर वळणावर पुन्हा रोल मागितला जातो. ९१ टक्क्यांचा रोल लागोपाठ पाच वेळा जमायची शक्यता ६१ वर उतरते. वास्तविक एकदा लपलात की तुमचा तो आकडा टिकतो, कोणाला सापडेपर्यंत किंवा तुम्ही स्वतः लपणं सोडेपर्यंत. एका टप्प्याला एक रोल पुरे.

शिवाय आपल्याकडे पाऊस आहे. नियमांप्रमाणे मुसळधार पावसात डोळ्यांनी आणि कानांनी करायच्या परसेप्शनला डिसअ‍ॅडव्हांटेज लागतो, म्हणजे पॅसिव्ह आकडा ५ ने उतरतो. गॉब्लिनचे ९ चे ४ होतात आणि चेन मेलमधला तो खणखणणारा फायटर ३६ वरून ७२ टक्क्यांवर जातो. उघड्या मशालीही विझतात, त्यामुळे पहारेकरी आडोशाला जाऊन बसतात. नव्या डीएमने पहिलं साहस बेलाशक आषाढातल्या रात्रीचं लिहावं.

पकडले गेले की मेले, हा दुसरा मुद्दा. पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे ७ हिट पॉइंट (एवढी इजा झाली की तो पडतो) आणि आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १२ धरा. गॉब्लिनचा वार त्याला ६५ टक्के वेळा लागतो आणि ३ ते ८ डॅमेज करतो. लागलेल्या दर तीन वारांतला एक त्याला जागच्या जागी आडवा करतो. म्हणजे ‘आधी चार गॉब्लिन मारू द्या’ हाच जास्त धोक्याचा सल्ला झाला! जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक नियमांत एक गॉब्लिन मारून अनुभवाचे ५ गुण मिळत, आणि पाच सोन्याची नाणी गुपचूप पळवूनही ५च. अंगात बळ नसताना लढाई टाळणं हाच तेव्हा शहाणपणाचा खेळ होता.

आणि पकडलं जाणं म्हणजे लगेच तलवारी उपसणं, हे कोणी ठरवलं? १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी चार-पाचशे माणसं वेश पालटून थोडी थोडी गोव्यात घुसवायचा बेत केला होता. पोर्तुगीज व्हाइसरॉयला सुगावा लागला, त्याने माणसं धरली आणि हाकलून दिली. बेत फसला, पण फसल्यावरही पुढे घडण्यासारखं बरंच उरलं. साहस लिहिताना फसण्याच्या अशा पायऱ्या आधीच ठरवून ठेवाव्यात: संशय, हटकणं, पाठलाग, कैद. मरण यादीत अगदी शेवटी.

मी नवख्यांसाठी चालवतो ते साहस खाजनातलं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीतलं आहे. बांधापलीकडे गॉब्लिनांनी बळकावलेलं मिठाचं कोठार, आणि आत शिरायची एक वाट मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून. मानशीचं लाकडी दार भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं, त्यामुळे टोळीच्या हातात सहाएक तास. एकदा बांधावर ग्रुप चेक फसला. फायटरचा पाय चिखलात रुतला आणि ‘पचाक’ असा मोठा आवाज झाला. मी इनिशिएटिव्ह (लढाईतला क्रम ठरवणारा रोल) मागितला नाही. म्हटलं, झापांच्या आडोशातून एक गॉब्लिन डोकं बाहेर काढतोय, भिजायचं त्याच्या जिवावर आलंय, ‘कोण रे थंय?’ म्हणून ओरडतोय. काय करता? क्लेरिक खेळणारी मुलगी तिथल्या तिथे म्हणाली, ‘जाळं बघायला आलेय, ओहोटी लागली ना!’ मानशीवर ओहोटीला जाळं लावतात हे तिला घरचंच ज्ञान. मी डिसेप्शनचा, म्हणजे थाप पचवायचा, रोल घेतला, तो जमला, आणि गॉब्लिन शिव्या घालत आत गेला.

तिसऱ्या मुद्द्याचं, चोर सोडून बाकीचे बसून राहतात याचं, अर्धं उत्तर त्यातच आलं. उरलेलं अर्धं असं: १९८१ च्या त्याच नियमांत पहिल्या लेव्हलच्या चोराला सावलीत लपायची शक्यता १० टक्के आणि आवाज न करता चालायची २० टक्के होती. उलट शत्रूला बेसावध गाठायची संधी कोणालाही सहात दोन. गुपचूप जाणं तेव्हाही एकट्या चोराच्या भरवशावर नव्हतं. तरी या मुद्द्यात तथ्य आहे, एवढं मान्य करतो. नकाशात एकच बोळ असेल तर चोर पुढे जातो आणि बाकीचे मोबाइल काढतात. त्यावर इलाज नकाशातच करायचा. माझ्या कोठाराला तीन वाटा आहेत. मानशीचं दार भरतीविरुद्ध धरून ठेवायला फायटरचीच ताकद लागते, विझर्डचा मायनर इल्युजन हा भासाचा मंत्र बांधाच्या दुसऱ्या टोकाला आवाज काढून पहारा तिकडे खेचतो, आणि पुढच्या दाराने मासे विकायचं सोंग घेऊन कोणीही जाऊ शकतं. चोर कुलपापाशी. चौघंही एकाच वेळी कामात.

हिशेबाचा बाऊ उगाच केला जातो. प्रत्येक पहारेकऱ्याची जागा टिपून ठेवू नका. अख्ख्या कोठाराची मिळून एकच स्थिती ठेवा, गाफील, सावध किंवा बोंबाबोंब, आणि फसलेल्या दर रोलला ती एका पायरीने चढवा. कागदाच्या कोपऱ्यात मावतं.

नवख्यांना मारामारीच हवी असते, हे म्हणणं मी तरी टेबलावर खरं ठरताना पाहिलेलं नाही. त्यांना आपण काहीतरी युक्ती केली आणि ती चालली, हे हवं असतं. तरीही कोणाचे हात शिवशिवत असतील तर लढाई बाहेर पडायच्या वाटेवर ठेवा: दोनच गॉब्लिन, टोळीला पाठीमागून गाठता येतील असे, आणि मानशीचं दार मिटायला थोडाच वेळ उरलेला.