सात्त्विक ख्याल, तामस लावणी आणि एक फॉरवर्ड

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. ‘संगीत आणि संस्कार’ असा मथळा आणि खाली हात जोडलेले इमोजी. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : शास्त्रीय आणि भक्तिसंगीत सात्त्विक, ते ऐकणारा माणूस नीतिमान होतो. ठुमरी-गझल राजस, बेताने ऐका. लावणी, रॅप, रॉक हे सगळं तामस, त्याने मुलं वाया जातात. हे म्हणे ऋषींनी सांगून ठेवलंय आणि आता विज्ञानानेही सिद्ध केलंय. पुराव्यादाखल शास्त्रीय संगीताने तरारलेली झाडं आहेत, आणि मुलांना हुशार करणारा युरोपियन संगीतकार मोझार्ट आहे.

असले फॉरवर्ड मी वाचत बसत नाही. पण हा आमच्या काकूंनी गणेशोत्सवाच्या कार्यक्रम समितीच्या ग्रुपवर टाकला, त्याला भराभर अंगठे आले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पुतणीची लावणी यादीतून उडाली. पोरगी अकरावीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून घाम गाळून बसवत होती, आजीच्या नऊवारीला काठ लावून घेतला होता, घुंगरू पुण्याहून मागवले होते. तिला निरोप काय, तर “त्याऐवजी एखादं छानसं भक्तिगीत बसव.” काकू, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण आता ऐकून घ्या.

झाडांचं आधी उरकतो. अमेरिकेत डोरोथी रिटॅलॅक नावाच्या बाईंनी केलेले ते प्रयोग, 1973 साली त्यांचं पुस्तक आलं. शास्त्रीय संगीताकडे रोपं झुकली, रॉकने मरगळली, असा दावा. मोजकी रोपं आणि ढिसाळ नियंत्रण, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते कधी मनावर घेतलं नाही. आणि समजा घेतलं असतं, तरी रोप तरारलं म्हणजे ते सदाचारी झालं का? गाजरगवतसुद्धा तरारतं.

मोझार्टचंही तसंच. मूळ निबंध ‘नेचर’मध्ये 1993 साली आला, जेमतेम एक पान. 36 कॉलेजची मुलं, दहा मिनिटं मोझार्टचा एक सोनाटा, आणि मग घडी घातलेला कागद उलगडला तर कसा दिसेल अशा धर्तीची कोडी. गुण थोडे वाढले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यात लहान मुलं नव्हती. संस्कार, नीती, चारित्र्य यांतलं काही मोजलेलंच नव्हतं. तरी ‘विज्ञानाने सिद्ध’ म्हणून तीस वर्षं हेच फिरतंय.

आता ऋषी. सत्त्व-रज-तम ही वाटणी गीतेत आहे, बरोबर. सतरावा अध्याय काढून बघा : आहार, यज्ञ, तप आणि दान यांचे तीन-तीन प्रकार दिलेत. गाण्याचे नाहीत. अठराव्यात ज्ञान, कर्म, कर्ता, बुद्धी, धृती, सुख आहे; तिथेही गाणं नाही. गाण्या-नाटकाबद्दल ज्या मुनींनी खरोखर लिहिलं त्या भरतांनी आठ रस सांगितले, त्यात पहिला शृंगार, आणि त्याची देवता कोण? विष्णू. ज्याला आज समिती यादीतून काढते, त्याला भरतमुनी विष्णूच्या पदरात घालतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पुस्तक उघडलेलं नाही एवढंच यातून सिद्ध होतं.

पण मला खरा राग आहे तो ‘शास्त्रीय ऐकलं की मन शुद्ध होतं’ यावर. आणि हे ग्वाल्हेरात बसून म्हणायचं! आपल्या ग्वाल्हेर घराण्याची कुळकथाच बघा. शिंद्यांच्या दरबारी बडे महंमद खाँ गायचे, त्यांची तान पल्लेदार. आपल्या घराण्याचे हद्दू खाँ-हस्सू खाँ या भावांना ती हवी होती. महाराजांनी त्यांना पडद्याआड बसवून ऐकवली, असं सांगतात. पुढे दोघांनी ती भर दरबारात गाऊन दाखवली, बडे महंमद खाँ चिडले, आणि त्यांनी वाहवा करत करत हस्सू खाँकडून एक जीवघेणी तान पुन्हा घेववली. त्यात छाती फुटून हस्सू खाँ गेले. आख्यायिका आहे, मान्य. पण ही गोष्ट घराण्यातल्याच माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगितलीय. चोरून ऐकणं, सूड, मत्सर, सगळं आहे तीत. त्याने त्यांच्या गाण्याला तसूभरही कमीपणा येत नाही. गाणं थोर होतं. माणसं माणसांसारखी होती.

बंदिशी तर विचारूच नका. निम्म्या बंदिशींत नायिका मध्यरात्री निघालीय, पैंजण वाजतायत, सासू-नणंद जागी होईल म्हणून जीव खालीवर होतोय. उरलेल्यांतल्या बऱ्याच ‘सौतन’वर. आणि ‘सदारंगीले’ म्हणून ज्यांचं नाव आपण माना डोलावत ऐकतो, ते ख्यालाचे बंदिशकार सदारंग ज्या बादशहाच्या पदरी होते तो महंमदशहा ‘रंगीला’ म्हणूनच ओळखला जायचा. आजही विलंबित ख्यालात त्याचं नाव समेवर येतं आणि पहिल्या रांगेतून ‘क्या बात है’ येते. अर्थ कोणी विचारत नाही, कारण ब्रज भाषा आहे आणि तानपुरा लागलाय. तेच मराठीत, ढोलकीवर, सरळ डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं की तामस. शिवाय याच ख्यालाला एकेकाळी धृपदिये, म्हणजे त्याहून जुनी धृपद गायकी गाणारे, हलकं गाणं समजत. तेव्हा फॉरवर्ड असते तर ख्याल दुसऱ्या रकान्यात पडला असता.

लावणीचं सांगतो. ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा अरुणोदय झाला’ ही भूपाळी आपल्याकडच्या किती घरांत सकाळी लागते? काकूंच्याकडे तर हमखास. ती होनाजी बाळाची. होनाजी पेशवाईतला नावाजलेला लावणीकार, तमाशाच्या फडातला माणूस. रामजोशी सोलापूरचे, कीर्तनही करत आणि लावण्याही रचत. दोन्हींसाठी गळा एकच. आता यातला सात्त्विक होनाजी कुठला आणि तामस कुठला, हे समितीने ठरवून सांगावं. गंमत म्हणजे यादीत पहिल्या नंबरवर हीच भूपाळी आहे.

रकाने कसे पडतात ते नीट बघितलं की कळतं. सूर, ताल, लय यांवरून नाही पडत. कोण गातं, कुठे गातं, कुठल्या जातीची बाई नाचते, यावरून पडतात. ठुमरी कोठ्यावर होती तोवर वाईट. स्वातंत्र्याच्या सुमारास कोठ्याशी संबंध असलेल्या गायिकांना रेडिओवर मज्जाव होता. तीच ठुमरी आता सभागृहात आली, तर ‘उपशास्त्रीय’ झाली. सरकारनेही हा संस्कारांचा प्रयोग करून पाहिलाय. बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, नभोवाणी मंत्री झाल्यावर 1952 मध्ये आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. देश सुधारला नाही, रेडिओ सिलोन लावून बसला. 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली.

एक गोष्ट कबूल करतो, नाइलाजाने. शब्दांचा फरक पडतो. बायकांना शिव्या घालणारं, कोणाला तरी मारायच्या बढाया मारणारं गाणं आठ वर्षांच्या पोराच्या कानात दिवसभर वाजत असेल तर मीही बंद करीन. पण ते त्या गाण्यामुळे, त्याच्या जातकुळीमुळे नाही. रॅपमध्येही हुंड्यावर, बेकारीवर लिहिणारी पोरं आहेत, आणि भजनाच्या चालीवर घाणेरडं विडंबन करणारेही पाहिलेत. विसर्जनाच्या डीजेने छातीत धडधडतं हेही खरं, पण तो आवाजाचा प्रश्न आहे. स्पीकरच्या त्याच भिंतीवर अभंग लावला तरी काच तितकीच थरथरेल.

तेव्हा समितीने शब्दच बघावेत. पुतणीने लावणी वहीत लिहून ठेवलीय, सगळी कडवी. हरकत असेल त्या ओळीखाली रेघ मारून द्या, तिथून पुढे बोलू. लावणी यादीतून उडवून चार दिवस झाले, अजून ती वही कोणी मागितलेली नाही.