महिन्याला किती द्याल, काका?

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी, पारा ४५ वर असताना, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेलं एखादं पोरगं सर्वेक्षणाला दारात येईल आणि विचारेल, "काका, हवा स्वच्छ राहावी, ऊन जरा आवरावं म्हणून महिन्याला किती द्याल?" घाबरू नका. बाजारात न मिळणाऱ्या वस्तूचा भाव गिऱ्हाइकालाच विचारायचं हे शास्त्र आहे. आधी त्याला माठातलं पाणी द्या. मग खुशाल पाचशे सांगा. खिशात हात थोडाच घालायचाय!

फक्त एक सांभाळा. अलास्कातल्या तेलगळतीनंतर, १९९३ साली, केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलवाल्यांच्या समितीने सांगून ठेवलंय की, असं विचारताना माणसाला त्याच्या बाकीच्या खर्चांची आठवण करून द्यावी. पोरगं किराण्याच्या खर्चाकडे वळलं की तुम्ही अमेरिकेकडे वळा. आधी त्यांनी द्यावं. मग कारखान्यांनी, मग वरच्या फ्लॅटवाल्याने. त्याच्याकडे तीन एसी आहेत. कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राची धुराडी गच्चीवरून दाखवून "ही काय मी बांधली?" असंही म्हणता येतं. रात्री एसी लावताना मात्र तिकडे पाहू नये.

कोळशावरच्या सेसचा, म्हणजे उपकराचा, विषय काढू नका. २०१० मध्ये टनामागे ५० रुपये होता, २०१६ पर्यंत ४०० झाला. घेतला स्वच्छ ऊर्जेच्या नावाने. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि त्याच्या जागी आलेला सेस राज्यांच्या बुडालेल्या महसुलाच्या भरपाईला गेला. मुद्दा खरा आहे, म्हणूनच टाळा. खऱ्या मुद्द्याने वाद लवकर संपतो.

सप्टेंबर २०२३ चं तर नावच नको. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या हॉलमध्ये शिरली. आमच्या साडूचा फ्रिज स्वयंपाकघरात आडवा तरंगत होता आणि त्याला लोणच्याची बरणी टकटक धडकत होती. फ्रिज, सोफा, गाडीचं इंजिन, सगळं त्याने 'नशीब' या खात्यात टाकलं. हवामानाच्या खात्यात अजून एक रुपया नाही. हिशेब असा चोख हवा बाप्पा!

पोरगं तुमचे पाचशे लिहून जिना उतरतं न उतरतं तोच कूलरवाला येईल. मोटर जळली, ताट्या सडल्या. किती द्याल, असं तो विचारणार नाही, आकडा सांगेल. तुम्ही आत जाऊन पाकीट आणाल.