धमकीचं सोडा, जाहिरातीचं बोला

पत्रकारितेला प्रवेश घेतलेली पोरं दरवर्षी विचारतात, "सर, राजकारणावर शोधपत्रकारिता करायचीय. धमक्या येतात का?" येतात की. पण आपल्या मराठवाड्यात धमकीनं जेवढ्या बातम्या मेल्या, त्याच्या कितीतरी पट जाहिरातीनं मेल्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

तालुक्याच्या वार्ताहराला मानधन मिळतं ते पेट्रोललाही पुरत नाही. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. आता तालुक्यात जाहिरात देतो कोण? साहेबांचा वाढदिवस, कारखान्याचा मोळीपूजन सोहळा, पतसंस्थेची वार्षिक सभा. म्हणजे ज्याच्या कारखान्याचा ताळेबंद वाचायचा, त्याच्याच पीएकडे अर्ध्या पानासाठी चकरा मारायच्या. पीए चहा पाजतो, अर्धं पान देतोही. आणि आपण उठायला लागलो की तो हळूच विचारतो, "ते रोजगार हमीच्या विहिरींचं काय काढलंय म्हणे तुम्ही?" आवाज चढवायची गरजच पडत नाही हो त्याला.

२००९ चं भोकर मतदारसंघातलं पेड न्यूजचं, म्हणजे पैसे घेऊन बातम्या छापल्याच्या आरोपाचं प्रकरण आठवा. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी निवडणूक खर्चात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींपोटी दाखवले ५,३७९ रुपये. इकडे पेपरांत पानंच्या पानं कौतुक, आणि एकमेकांच्या स्पर्धेतल्या पेपरांत शब्दशः तोच मजकूर! हे बाहेर काढलं पत्रकार पी. साईनाथांनी, एका इंग्रजी दैनिकातून. प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत गेलं. आयोगाची नोटीस २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केली, हेही सांगायला पाहिजे. पण नांदेड जिल्ह्यात घडलेली गोष्ट उघड करायला बाहेरचा माणूस लागला, हे मला आजही खटकतं.

बाकी या कामात सिनेमासारखं काही नसतं. उमेदवाराची २०१४, २०१९ आणि २०२४ ची मालमत्तेची शपथपत्रं शेजारी शेजारी ठेवायची. गट नंबर जुळवायचे, सातबारा काढायचा, फेरफार बघायचा, जमीन कुणाकडून कुणाकडं गेली ते शोधायचं. दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज, तीस दिवस वाट, मग पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या संभाजीनगर खंडपीठात दुसरं. तोवर पुढची निवडणूक येते. हल्ली तर "वैयक्तिक माहिती आहे" म्हणून परत पाठवायला नव्या डेटा संरक्षण कायद्याचा आधारही मिळालाय.

पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्यात २०१७ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. चांगलाच आहे. पण वाढदिवसाची जाहिरात बंद केली, तर कुठल्या कलमाखाली गुन्हा नोंदवणार?

आणि "विकाऊ मीडिया" अशी कमेंट टाकणारे आपण? पेपर पाच रुपयांचा सहा झाला की बंद करतो.

म्हणून पोरांना मी एकच सांगतो. मुलाखतीत आधी विचार, जाहिरातीचं टार्गेट आहे का? असेल तर क्रीडा घे, आरोग्य घे, राजकारण मागू नको. एकानं खरंच विचारलं. संपादक म्हणाले, "छे छे, टार्गेट कसलं! फक्त दिवाळी अंकाला तेवढा हातभार लावायचा."