‘पूर्ण बरा होतो’ हे माझं वाक्य

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी माझाच लेख पुन्हा उघडला. ‘मेगॅलोब्लास्टिक अ‍ॅनिमिया उपचारांनी पूर्ण बरा होतो,’ असं मी बी-12 किंवा फोलेट या जीवनसत्त्वांच्या कमतरतेने होणाऱ्या या रक्तक्षयाबद्दल लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, मग वडिलांचं हिमोग्लोबिन 6 वरून 13 वर येऊनही त्यांचे तळपाय बधिर का, अंधारात तोल का जातो, आणि मी लोकांना खोटी आशा का लावते? तुमचा राग रास्त आहे. मी पॅथॉलॉजीतली, रोज रक्ताच्या काचा बघणारी. रक्त सुधारलं म्हणजे माणूस सुधारला, असं धरून मी ते वाक्य लिहिलं. आज ते बदललं आहे.

रक्तापुरतं मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. बी-12 किंवा फोलेट कमी पडलं की डीएनए तयार होणं अडतं. पेशी आकाराने वाढतात, पण वेळेवर विभागत नाहीत, आणि बऱ्याचशा अस्थिमज्जेतच मरतात. कमतरता भरून निघाली की एक-दोन दिवसांत मज्जा पालटू लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशी, वाढतात आणि साधारण दोन महिन्यांत हिमोग्लोबिन जागेवर येतं. (अ‍ॅनिमिया फार तीव्र असेल तर उपचारांच्या पहिल्या दिवसांत पोटॅशियम घसरू शकतं, ते तपासत राहावं लागतं. हेही लेखात राहून गेलं होतं.) याच आजाराचा पर्निशस हा प्रकार, ज्यात अन्नातलं बी-12 शोषलंच जात नाही, एके काळी जीव घेऊनच थांबायचा. 1926 मध्ये मायनट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी 45 रुग्णांना भरपूर यकृत खायला देऊन ते सावरतात हे दाखवलं, तेव्हा चित्र बदललं.

नसांची गोष्ट वेगळी. बी-12 अभावी नसांवरचं मायलिनचं आवरण खराब होतं. मज्जारज्जूच्या मागच्या भागातून पाय कुठे आहेत याची खबर मेंदूकडे जाते, त्या भागाला बहुधा आधी इजा होते. उजेडात डोळे ती उणीव भरून काढतात. अंधारात तो आधार जातो आणि माणूस डगमगतो. इथली सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने होते, बरीचशी पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात. उपचारांआधी लक्षणं किती काळ अंगावर काढली, यावर किती सुधारणा होणार ते बरंचसं ठरतं. उशीर झाला असेल तर थोडी बधिरता कायमची राहू शकते. हे मी लिहायलाच हवं होतं.

तुम्ही ओघात लिहिलेलं एक वाक्य मला जास्त सलतं आहे: ‘आधी पाच महिने फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चालू होत्या.’ कमतरता बी-12ची असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट, दिलं तर रक्त सुधारू शकतं, रिपोर्ट बघून सगळे निर्धास्त होतात, आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. वडिलांच्या बाबतीत हेच झालं का, ते मी इथून सांगू शकत नाही. पण पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना हा क्रम तारखांसकट नक्की सांगा.

‘उपयोग नाही म्हणून इंजेक्शनं थांबवली’ हे बी-12च्या इंजेक्शनांबद्दलचं तुमचं वाक्य मात्र मला अजिबात पटत नाही. बी-12 शोषायला लागणारा, जठरात तयार होणारा इंट्रिन्सिक फॅक्टर हा पदार्थच नसेल, तर अन्नातलं बी-12 जवळजवळ शोषलंच जात नाही आणि उपचार जन्मभर लागतात. इंजेक्शनं बंद केल्यावर लगेच काही बिघडत नाही, कारण यकृतातला साठा काही काळ पुरतो. म्हणूनच फसगत होते. पुन्हा कमतरता आली तर हिमोग्लोबिन उतरण्याआधीच नसांना इजा होऊ शकते. आहे ती बधिरता वाढू नये, एवढ्यासाठी तरी ती चालू हवीत.

कमतरता कशामुळे झाली, याचा शोध कुणी घेतला का? इंट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी, जठराची जुनी शस्त्रक्रिया, बरीच वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, यांपैकी काही आहे का? आणि शेवटचं इंजेक्शन कधी दिलं होतं? या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा, आणि ते काय म्हणतात ते मला जरूर कळवा.