तेरावं ताट : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

निद्रिस्त राजकन्येची गोष्ट मी शाप देणाऱ्या बाईच्या तोंडून सांगितली, त्यावर तुम्ही लिहिलंत, “हल्ली प्रत्येक दुष्टाला बिचारं करायचं खूळ निघालंय. मुलांना आधी चांगलं-वाईट कळू तरी द्या. मी नातीला गोष्ट सांगतो तेव्हा चेटकीण चेटकीणच असते.” दोन दिवस उत्तर लिहीत होते आणि खोडत होते, कारण तुमचं निम्मं म्हणणं मला पटलंय.

आधी ते निम्मं. २०१४ साली डिस्नेचा ‘मॅलेफिसंट’ हा सिनेमा आला, त्यात शाप देणाऱ्या बाईचं नावच मॅलेफिसंट आहे. त्यात राजकन्येचा बापच गादीच्या लोभापायी मॅलेफिसंटचे पंख कापून नेतो, म्हणून ती शाप देते. अँजेलिना जोलीने काम सुरेख केलंय, पण गोष्ट मला तोकडी वाटली. दुष्टपणाचा मुखवटा हिच्या तोंडावरून काढून राजाच्या तोंडावर बांधला, एवढंच झालं. शिवाय तिच्यावरचा अन्याय इतका मोठा केला की तान्ह्या मुलीला दिलेला शापही जवळजवळ रास्त वाटायला लागतो. याला तुम्ही ‘बिचारं करणं’ म्हणत असाल, तर मी तुमच्याच बाजूची आहे.

पण जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनी दिलेली गोष्ट पुन्हा एकदा वाचा. राजाला मुलगी होते, तो मेजवानी घालतो. राज्यात जाणत्या बाया तेरा आणि त्यांना वाढायला सोन्याची ताटं बाराच. म्हणून एकीला बोलवायचं नाही. जुनं वैर नाही, भांडण नाही, ताट कमी पडलं! अकराजणींचे आशीर्वाद देऊन होतात तोच ही तेरावी आत येते, मुलगी पंधराव्या वर्षी चातीचं टोक बोचून मरेल असं सांगते आणि पुढे एक अक्षर न बोलता निघून जाते. बारावीचा वर शिल्लक असतो, ती त्या मरणाची शंभर वर्षांची झोप करते. तेरावी पुन्हा गोष्टीत येतच नाही. ती घरी जाऊन काय करत असेल, हा प्रश्न मला लहानपणापासून छळतो. माझी गोष्ट तिथून सुरू झाली.

बारशाला आत्याला बोलावलं नाही तर काय होतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. माझ्या माहेरी ते घडलंय. चुलतबहिणीच्या बारशाला आमच्या आत्यालाच बोलावणं गेलं नाही. जागा लहान, माणसं आवरायची होती, असं कारण झालं. ती आपणहून आली, पाळण्याभोवतीच्या बायकांच्या मागे उभी राहिली आणि त्या बाळाविषयी असं काही बोलली की ते मी इथे लिहिणार नाही. पुढची वीस वर्षं ती आमच्याकडे ‘तोंडाची वाईट’. मीही तेच म्हणत मोठी झाले.

मग एकदा दुपारी लसूण सोलत बसलो असताना ती उठली आणि कपाटातून एक पिशवी घेऊन आली. आत कुंची होती. हिरव्या खणाची, काठाला बारीक मोती लावलेली, घडीवर पिवळी पडलेली. त्या दिवशी ती शिवून आणली होती आणि पिशवीतून बाहेर काढलीच नव्हती.

काका, आत्या बोलली ते वाईटच होतं. कुंची पाहिल्यावरही ते मला तसूभरही कमी वाईट वाटलं नाही. त्या तान्ह्या पोरीने कुणाचं काय केलं होतं? पण तोवर मला वाटायचं, ही बाई मुळातच तशी. आता ती पिशवी छातीशी धरून मागच्या रांगेत उभी दिसते. माझ्या गोष्टीतल्या तेरावीनेही शाप मागे घेतलेला नाही, तिने केलेलं मी पुसलेलं नाही. ते पुसलं असतं तर तुमची तक्रार खरी ठरली असती.

‘चेटकीण चेटकीणच’ यावरही एक सांगायचंय. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सख्खी आई मुलीला जन्म देऊन मरते आणि राणी सावत्र होते. हॅन्सेल-ग्रेटेलच्या आईचंही पुढच्या एका आवृत्तीत तेच झालं. आई असं करते हे मुलांपुढे ठेवणं जड गेलं असावं. सावत्र आई आपल्या कहाण्यांतही आहेच, पण इथे तो शब्द चिकटवला जाताना सालासकट दिसतो. दुष्ट कुणाला ठरवायचं, हे सांगणाऱ्यानेच असं बदललेलं दिसलं की मला दुसऱ्या बाजूला जाऊन बसावंसं वाटतं.

तुमच्या नातीला माझी गोष्ट सांगा असं मी म्हणत नाही. तुमचीच सांगा, शापाला शापच म्हणा. फक्त ताटं बारा होती हे गाळू नका. माझ्या भाचीने मला तिथेच अडवलं होतं. “मग तिला आपलं साधं ताट द्यायचं ना!” पाच वर्षांची आहे. त्या ताटाचा निकाल लागेपर्यंत तिने मला पुढे जाऊ दिलं नाही. तुमची नात काय म्हणते, ते मला नक्की कळवा.