माझे मत मिकाडोला

वाफेच्या इंजिनांचे चाहते एकत्र आले की 'तुमचे सर्वांत आवडते इंजिन कोणते' हा प्रश्न निघाल्याशिवाय राहत नाही, आणि उत्तरेही बहुधा ठरलेलीच असतात. कोणी मॅलार्डचे नाव घेतो, कोणी फ्लाइंग स्कॉट्समनचे, कोणी अमेरिकेतील युनियन पॅसिफिक रेल्वेच्या अवाढव्य बिग बॉयचे, तर कोणाला भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपीचे ते बंदुकीच्या गोळीसारखे नाक आणि त्यावरचा तारा आठवतो. या सगळ्या इंजिनांवर माझाही जीव आहे. तरीही पुष्कळ वाचून, पाहून आणि ऐकून माझे मत आता पक्के झाले आहे: वाफेच्या युगाने घडवलेला सर्वांत परिपूर्ण प्रकार म्हणजे २-८-२ चाकांचे, मुख्यतः मालगाड्या ओढणारे मिकाडो इंजिन, आणि चाहत्यांच्या पसंतीत त्याला मिळणारे स्थान त्याच्या कामाच्या मानाने फारच खालचे आहे.

२-८-२ म्हणजे पुढे दोन लहान चाके, मध्ये आठ चालक चाके, म्हणजे वाफेच्या जोराने फिरून गाडी ओढणारी मोठी चाके, आणि मागे पुन्हा दोन लहान चाके. (फ्रेंच लोक चाकांऐवजी आस मोजतात, म्हणून त्यांच्याकडे हेच इंजिन १४१ होते.) यातली खरी गंमत मागच्या त्या दोन चाकांत आहे. त्यापूर्वी मालगाड्यांसाठी सर्रास वापरले जाणारे कन्सॉलिडेशन म्हणजे २-८-० इंजिन घ्या. त्याच्या मागे लहान चाके नसल्यामुळे भट्टी चालक चाकांच्या मध्ये तरी बसवावी लागे किंवा त्यांच्या वर तरी. मध्ये बसवली तर ती अरुंद होते, कारण दोन रुळांमधल्या अंतराची मर्यादा ओलांडता येत नाही. आणि वर बसवली तर चाकांची उंची आड येऊन ती उथळ राहते. भट्टीच चालक चाकांच्या मागे नेली आणि तिचा भार एका लहान आसावर टाकला, की ती हवी तेवढी रुंद आणि खोलही करता येते. १८९७ मध्ये जपानच्या निप्पॉन रेल्वेने अमेरिकेतील बाल्डविन कारखान्याकडे मालगाडीची इंजिने मागवली तेव्हा नेमकी हीच गरज होती, कारण तिथला कोळसा हलक्या प्रतीचा होता. हलका कोळसा जाळायचा तर एका वेळी जास्त जाळावा लागतो. तो भट्टीच्या तळाच्या अरुंद जाळीवर जाळायचा प्रयत्न केला तर हवेचा झोत इतका जोरकस होतो की अर्धवट जळालेले कोळशाचे तुकडे थेट धुराड्यातून बाहेर उडतात. रुंद जाळीवर तोच कोळसा शांतपणे जळतो. त्या जपानी मागणीमुळेच या प्रकाराला मिकाडो, म्हणजे जपानचा सम्राट, हे नाव पडले आणि ते जगभर टिकले.

माझ्या मताच्या बाजूने सर्वांत बोलका पुरावा मला डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी या भारतीय जोडीत सापडतो. डब्ल्यूपी हे ४-६-२ चाकांचे, म्हणजे पॅसिफिक प्रकारचे एक्सप्रेस इंजिन १९४७ मध्ये आले आणि डब्ल्यूजी हे २-८-२ मालगाडीचे इंजिन १९५० मध्ये. दोघांचा बॉयलर एकच आहे. वाफेचा दाबही तोच, चौरस इंचाला २१० पौंड. सिलिंडरमध्ये पुढेमागे सरकणाऱ्या दट्ट्याची धावसुद्धा तीच, २८ इंच. फरक आहे तो चाकांत आणि सिलिंडरच्या व्यासात. डब्ल्यूपीचे चालक चाक ६७ इंचांचे आणि सिलिंडर सव्वावीस इंचांचे, तर डब्ल्यूजीचे चाक साडेएकसष्ट इंचांचे आणि सिलिंडर जवळजवळ २२ इंचांचे. एवढ्याने ओढशक्ती, म्हणजे रेल्वेची माणसे ज्याला ट्रॅक्टिव्ह एफर्ट म्हणतात ती, सुमारे ३०,६०० पौंडांवरून ३८,९०० पौंडांवर जाते. तीच भट्टी, तोच कोळसा, बेलचा घेऊन उभा असलेला तोच फायरमन, आणि रुळावर उतरणारी ताकद मात्र सव्वापटीहून अधिक. अर्थात ही ताकद नुसती सिलिंडरमध्ये असून चालत नाही. ती रुळाला पकडून ठेवायला चालक चाकांवर वजन लागते. तीन आसांऐवजी चार आसांवर वजन पडत असल्याने डब्ल्यूजीला ती पकड मिळते. या आकडेमोडीत मी पुन्हा पुन्हा रमतो, कारण एकाच बॉयलरचे दोन स्वभाव तीत स्पष्ट दिसतात: एक धावण्याचा, दुसरा रेटण्याचा.

डब्ल्यूपी ७५५ बनली आणि डब्ल्यूजी २,४५०. चित्तरंजन कारखान्याने १९५० मध्ये बांधलेले पहिले इंजिन 'देशबंधू' हे डब्ल्यूजी होते आणि १९७० मध्ये तिथून बाहेर पडलेले शेवटचे ब्रॉडगेज वाफेचे इंजिनही डब्ल्यूजीच होते. त्याचे नाव 'अंतिम सितारा'. तरीही छायाचित्रे पाहावीत तर डब्ल्यूपीचीच.

एका संग्रहालयात मी हा भेदभाव डोळ्यांनी पाहिला आणि तो अजूनही मनाला लागून राहिला आहे. एक्सप्रेस इंजिन छपराखाली, दोरीच्या कठड्याआड, पितळ चकचकीत घासलेले. आणि मिकाडो बाहेर, पावसात. मी त्याच्या चाकांपाशी बराच वेळ उभा होतो. क्रॉसहेड, म्हणजे दट्ट्याचा दांडा आणि चाकाकडे जाणारा रॉड यांना जोडणारा ठोकळा, जिथे मार्गदर्शक पट्ट्यांवर पुढेमागे सरकतो, तो पृष्ठभाग कधीकाळी आरशासारखा गुळगुळीत असला पाहिजे; आता तिथे गंजाचे पापुद्रे होते आणि त्यांवरूनच चंदेरी रंगाचा हात फिरवलेला होता. चालक चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या कपलिंग रॉडवरच्या तेलाच्या लहान पेल्यांची झाकणे रंगाने चिकटून बंद झाली होती. ज्या पेल्यांत रोज सकाळी कोणीतरी खाली वाकून, हातातल्या लांब चोचीच्या तेलदाणीने तेल ओतत असेल, ते पेले कायमचे मिटलेले पाहून मला मनापासून वाईट वाटले. वेगाचा मान मोठा आहे हे मला मान्य आहे, पण ओझे वाहणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर का नसावे, या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले नाही.

मॅलार्डविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. ३ जुलै १९३८ रोजी नायजेल ग्रेस्ले यांच्या या ए-४ इंजिनाने ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठला आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही अबाधित आहे. परंतु तो वेग सात डब्यांच्या गाडीसह उतारावर गाठलेला होता, आणि त्या धावेत मधल्या सिलिंडरच्या रॉडचे बेअरिंग इतके तापले की इंजिनाला पीटरबरो येथे गाडीपासून सोडवावे लागले. विक्रम हा काही क्षणांचा असतो. माझ्या लेखी इंजिनाची परीक्षा म्हणजे चढणीवर उभी असलेली, डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगा ताणलेली मालगाडी जागेवरून हलवणे.

त्या हलवण्याचा आवाज एकदा तरी कानांनी ऐकावा. आधी सिलिंडरचे नळ उघडे असतात, त्यामुळे साचलेले पाणी आणि वाफ दोन्ही बाजूंनी जमिनीलगत फिसकारत बाहेर पडते. ड्रायव्हर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप, किंचित उघडतो. काही क्षण काहीच होत नाही, फक्त कपलिंगा पुढून मागे एकामागून एक खणखणत जातात. मग धुराड्यातून वाफेचा पहिला ठोका. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके पडतात, आणि मिकाडोचे चाक लहान असले तरी माणसाच्या चालीच्या वेगाने गाडी सरकत असताना सेकंदाला जेमतेम एक ठोका येतो. दोन ठोक्यांमधल्या शांततेत कोळशाचा आवाजही ऐकू येतो. मध्येच चाके घसरली तर एकदम धडधडाट होतो, ड्रायव्हर चटकन रेग्युलेटर बंद करतो, रुळावर वाळू सोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. ग्रेस्लेंच्या तीन सिलिंडरच्या इंजिनांना फेऱ्याला सहा ठोके असतात. त्यांची ती सलग गुणगुण सुंदर आहे, पण त्यात प्रत्येक ठोक्याचे कष्ट असे वेगळे ऐकू येत नाहीत.

याच ग्रेस्लेंनी १९३४ मध्ये एडिंबरो–अबर्डीन मार्गावरच्या जड प्रवासी गाड्यांसाठी 'कॉक ओ' द नॉर्थ' हे पी-२ वर्गाचे मिकाडो बांधले. अशी सहा इंजिने झाली आणि ग्रेस्लेंच्या मृत्यूनंतर, १९४३–४४ मध्ये, सहाही कापून पॅसिफिक बनवण्यात आली. इंग्लंडमध्ये आता त्याच वर्गाचे 'प्रिन्स ऑफ वेल्स' हे इंजिन नव्याने बांधले जात आहे, याचा मला मनस्वी आनंद आहे.

बिग बॉयच्या चाहत्यांना एवढेच म्हणेन की ती भव्यता निर्विवाद आहे, पण अशी इंजिने २५ होती. जपानची डी-५१ वर्गाची मिकाडो मात्र हजाराच्या पुढे बनली. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सची रेल्वे उद्ध्वस्त झाली तेव्हा तिला पुन्हा उभे करण्यासाठी अमेरिका आणि कॅनडाकडून १,३४० मिकाडो मागवण्यात आली. ती आणताना एक जहाज बुडाले आणि त्यावरची इंजिने अटलांटिकच्या तळाशी गेली. चीनमध्ये तर एसवाय वर्गाची मिकाडो १९९० च्या दशकातही नवी बांधली जात होती. गॅरेट या जोड-इंजिनाला मी दुसरे मत देतो, आणि तेही याच कारणासाठी: हर्बर्ट गॅरेट यांनी बॉयलर दोन इंजिनांच्या मध्ये टांगला, त्याच्याखाली चाकच ठेवले नाही, आणि भट्टीला हवी तेवढी जागा दिली. मागच्या एका लहान आसाने मिकाडोत जे साधले, तोच विचार तिथे शेवटाला नेलेला आहे.

ज्यांना मिकाडो आजही कामात पाहायचे आहे त्यांनी अमेरिकेतील कंब्रेस खिंडीच्या नॅरोगेजवरची के-३६ इंजिने जरूर पाहावीत, किंवा निदान त्यांचे ध्वनिमुद्रण ऐकावे. १९२५ मध्ये बाल्डविनने अशी दहा बांधली. नावातला ३६ हा आकडा ३६,००० पौंड ओढशक्तीचा आहे. चढण १०० फुटांना ४ फूट, खिंड तीन हजार मीटरहून उंच. गाडी दिसायच्या कितीतरी आधी दरीतून ठोके येऊ लागतात, वळण आले की दबतात, पुन्हा मोकळे होतात, आणि मी दर वेळी नकळत ते मोजू लागतो: एक, दोन, तीन, चार.